वस्तीच्या मुलांची उंची वस्तीनेच मोजावी

"आमच्या घरात सगळेच ठेंगणे. बाळ आजोबांवर गेलंय."

वजनकाटा आणि उंचीची फळी घेऊन आम्ही वस्तीत जातो, तेव्हा हे वाक्य हमखास कानावर पडते. आजी म्हणते, आई म्हणते, कधी चांगला शिकलेला बापही म्हणतो. बोलण्यात कुठे तक्रार नसते. केस काळे, डोळे काळे, तशी उंची कमी, एवढ्या सहजपणे ते म्हटले जाते.

आम्हाला ते वाक्य टोचते. माणसाची पायरी जन्मावरून ठरते, हे आपल्या आजी-आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या साक्षीने नाकारले. मग आपल्या मुलांची उंची जन्मानेच कमी ठरलेली आहे, हे आपण न तपासता कसे मानतो? तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने चालत आले म्हणून किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. उंचीच्या बाबतीत तपासायचे म्हणजे मोजायचे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची घरोघर जाऊन मोजावी, त्याचा तक्ता स्वतः मांडावा आणि तो सगळ्या वस्तीला समजावून सांगावा. हे काम डॉक्टरचेच आहे असे नाही. बारावी झालेली मुलगी, महिला मंडळातल्या दोन बाया आणि हिशेब जमणारा एक तरुण एवढ्यांनी ते होते. मात्र ते नीट झाले पाहिजे. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट असतो.

उंची कोणाच्या रक्तात असते?

एका घरातली दोन मुले घेतली तर एक उंच, एक ठेंगणे असू शकते. तो फरक आई-बापाकडून आलेला असू शकतो, हे खरे. पण शंभर-दोनशे मुलांचा गट घेतला की गोष्ट बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांत लहान मुलांची वाढ मोजली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका हे ते सहा देश. भारतातली मुले दिल्लीची होती. मुले निवडताना एक अट होती. मुलाला आईचे दूध मिळालेले असावे, आई धूम्रपान करणारी नसावी, घरची परिस्थिती मुलाची वाढ रोखणारी नसावी, औषधोपचार मिळत असावेत. दिल्लीतली मुले अर्थातच बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली होती. निकाल काय आला? आफ्रिकेतले मूल, युरोपातले मूल आणि दिल्लीतले मूल जवळपास सारखेच वाढले. त्या मुलांच्या उंचीत जो काही फरक होता, त्यातला देशादेशांमुळे पडलेला हिस्सा जेमतेम 3 टक्के निघाला. 70 टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला होता.

याच अभ्यासावरून 2006 साली जागतिक वाढ तक्ते प्रसिद्ध झाले. आज अंगणवाडीत आणि माता-बाल संरक्षण कार्डावर जे तक्ते आहेत, ते याच मोजमापावर उभे आहेत. आमच्या दृष्टीने तो समतेचा सेंटीमीटरमध्ये दिलेला पुरावा आहे. पुरेसे अन्न, स्वच्छ पाणी, निरोगी आई आणि वेळेवर उपचार मिळाले, तर पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही देशाचे, कोणत्याही जातीचे मूल सारखेच वाढते.

आता आपल्या देशाचा आकडा पाहा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने खुजी असलेली मुले अनुसूचित जातींत 100 मागे सुमारे 43 होती, अनुसूचित जमातींत सुमारे 44, आणि ज्यांना सर्वेक्षणात 'इतर' म्हटले आहे त्या जातींत 31. सहा देशांतल्या मुलांत जो फरक पडला नाही, तो एकाच देशातल्या, कधी एकाच गावातल्या मुलांत पडतो. गावाबाहेरची वस्ती, उघडी गटार, उशिरा येणारे पाणी, आईचे लवकर झालेले लग्न, तिच्या अंगातले कमी रक्त, बापाची रोजंदारी, मुलाला वारंवार होणारे जुलाब, हे सगळे मुलाच्या हाडात नोंदले जाते. उंचीची पट्टी ती नोंद वाचते.

जिल्ह्याच्या आकड्यात आपली वस्ती दिसत नाही

कोणी विचारेल, सरकार एवढी सर्वेक्षणे करते, अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, 2021 पासून ताईंच्या मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर आहे. मग आपण वेगळे कशाला मोजायचे?

राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा फार मोलाचा आहे. त्यावरूनच कळते की 2019-21 मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले खुजी होती आणि 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने रोड होती. त्याआधीच्या सर्वेक्षणात खुज्या मुलांचे प्रमाण 34.4 टक्के होते आणि रोड मुलांचे तेच 25.6 टक्के. म्हणजे मधल्या वर्षांत महाराष्ट्राचा आकडा जागचा हलला नाही. पण हे सर्वेक्षण फार तर जिल्ह्यापर्यंत पोहोचते. जिल्ह्याच्या आकड्यात बंगलेवाली कॉलनीही असते आणि नाल्याकाठची वस्तीही. दोन्हींची सरासरी निघते आणि नाल्याकाठची वस्ती त्या सरासरीत विरघळून जाते.

अंगणवाडी ताईंशी आपली स्पर्धा नाही. त्या बाईवर कामाचा किती बोजा असतो आणि त्यामानाने मानधन किती मिळते, हे आपण जाणतो. पण अंगणवाडीत मोजले जाते ते नाव नोंदवलेले आणि त्या दिवशी हजर असलेले मूल. वीटभट्टीवरून किंवा ऊसतोडीवरून परतलेल्या घरातले, भाड्याच्या खोलीत नुकतेच आलेले, आई पहाटे कामाला जाते म्हणून आजीपाशी घरीच राहिलेले मूल त्या वहीत बहुधा नसते. नेमके तेच मूल सर्वांत जास्त अडचणीत असण्याची शक्यता असते. घरोघर जाण्याचा फायदा हाच की कोणी सुटत नाही. म्हणून ताईंना बरोबर घेऊन, त्यांच्याच वजनकाट्यावर आणि उंचीच्या फळीवर मोजावे. जे मूल नव्याने सापडेल त्याचे नाव त्याच दिवशी अंगणवाडीत लागावे.

आधी घरांची यादी, मग जन्मतारीख

काम नकाशापासून सुरू करावे. वस्तीचा कागदावर साधा आराखडा काढावा, प्रत्येक चुलीला एक क्रमांक द्यावा. एका छपराखाली दोन चुली असतील तर ती दोन घरे. कुलूप दिसले की 'बंद' लिहून पुढे जाऊन विसरू नये. संध्याकाळी परत जावे, रविवारी परत जावे. तिसऱ्या खेपेलाही मूल भेटले नाही, तर तसे वहीत लिहून ठेवावे. न भेटलेली मुले किती, हाही एक आकडाच आहे आणि तो लपवायचा नसतो.

वयाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. म्हणून वय विचारूच नये, जन्मतारीख शोधावी. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्याचा कागद, काहीही चालेल. कागदच नसेल तर आपल्या वर्षातले ठळक दिवस विचारावेत. भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी बाळ पोटात होते की मांडीवर? बुद्ध पौर्णिमेच्या आधीचे की नंतरचे? दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो तेव्हा केवढे होते? 6 डिसेंबरला चैत्यभूमीला कोण गेले होते आणि बाळाजवळ कोण थांबले होते? आया आणि आज्या या खुणांवरून महिना अचूक सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

एवढी काटेकोरी कशाला, ते एका उदाहरणावरून कळेल. समजा, एका मुलीची उंची भरली 82 सेंटीमीटर. आई म्हणाली, "दोन वर्षांची आहे." तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीसाठी मधली रेषा 85.7 वर आहे आणि खाली मोजत गेल्यास दुसरी रेषा 79.3 वर. मुलगी दुसऱ्या रेषेच्या वर आहे, म्हणजे ठीक. पण कार्ड पाहिले आणि ती अडीच वर्षांची निघाली, तर त्या वयाची दुसरी रेषा 83.6 वर आहे. म्हणजे मुलगी खुजी. आणि ती खरे तर तीन वर्षांची असेल, तर त्या वयाची तिसरी रेषाच 83.6 वर आहे. म्हणजे मुलगी तीव्र खुजी. उंची तीच, मूल तेच. फक्त आपण वय विचारून मोकळे झालो आणि एक मुलगी यादीतून सुटली.

मोजताना

एकट्याने मोजू नये. एकाने मुलाला सरळ धरावे, दुसऱ्याने वाचावे, जमल्यास तिसऱ्याने मोठ्याने परत म्हणून लिहावे. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर झोपवून लांबी घ्यावी, दोन वर्षांपुढच्याला उभे करून उंची घ्यावी. झोपवून घेतलेले माप उभ्याच्या मापापेक्षा सुमारे 0.7 सेंटीमीटर जास्त भरते. त्यामुळे दोन वर्षांपुढच्या मुलाला काही कारणाने झोपवूनच मोजले, तर तेवढे वजा करावे आणि लहान मुलाला उभे करून मोजले, तर तेवढे मिळवावे. कसे मोजले हे वहीत लिहिलेले नसेल, तर ही दुरुस्ती नंतर कोणालाच करता येत नाही.

चपला, टोपी, केसांच्या पिना, डोक्यावरची शेंडी, जाड स्वेटर काढावे. वाळे, कडे असतील तर वजनाच्या वेळी उतरवावेत. काटा रोज सकाळी शून्यावर आहे का ते पाहावे आणि वाण्याकडचे शिक्का असलेले 5 किलोचे वजन ठेवून तपासावा. मूल घाबरून काट्यावर उभे राहत नसेल, तर आईला आधी एकटी आणि मग मुलासह काट्यावर घेऊन फरक काढता येतो.

प्रत्येक माप दोन वेळा, दोन वेगवेगळ्या माणसांनी घ्यावे. उंचीत 0.7 सेंटीमीटरपेक्षा किंवा वजनात 100 ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, तर पुन्हा मोजावे. माप दशांशापर्यंत लिहावे. 'साधारण 80' असे लिहू नये.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर घ्यावा. तो 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित आहे. 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे आणि वजन कितीही भरले तरी ते मूल गंभीर आहे. अशा मुलाच्या बाबतीत तक्ता, वही, बैठक कशाचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी आशा ताईंबरोबर आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात पोहोचवावे.

वही स्वच्छ करणे म्हणजे आकडे सुंदर करणे नव्हे

वहीत इतके रकाने पुरेत: घर क्रमांक, मुलाचा क्रमांक, मुलगा की मुलगी, जन्मतारीख, मोजल्याची तारीख, वजन, उंची, झोपवून की उभे, दंडघेर, सूज. वय दोन तारखांवरून आपण काढायचे. मुलाचे नाव वेगळ्या वहीत, त्याच क्रमांकासमोर लिहायचे. ती वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहावी.

मग वही तपासावी. 78.5 च्या जागी 87.5 पडले आहे का? वजनाच्या रकान्यात उंची गेली आहे का? एकच मूल मामाच्या घरी आणि स्वतःच्या घरी दोनदा मोजले गेले का? एकदम विचित्र आकडा दिसला तर त्या घरी परत जाऊन मोजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे उंचीचे माप मधल्या रेषेपासून सहा रेषांपेक्षाही दूर गेले, तर ती मोजण्यातली किंवा लिहिण्यातली चूक धरतात. त्याच्या आतला आकडा फक्त वाईट दिसतो म्हणून खोडायचा अधिकार कोणाला नाही.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बहुतेक उंच्या .0 किंवा .5 वर संपत असतील, तर पट्टी नीट वाचलेली नाही. बहुतेक मुले नेमकी 24, 36 आणि 48 महिन्यांची निघत असतील, तर जन्मतारखा शोधलेल्या नाहीत, अंदाजाने टाकल्या आहेत. अशी वही घेऊन आपण अधिकाऱ्यासमोर गेलो, तर तो पहिल्या पानावरच ती बाजूला ठेवेल आणि त्यात त्याची चूक नसेल. आपल्या माणसांना पुराव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बाबासाहेब साउथबरो समितीपुढे गेले, सायमन आयोगापुढे गेले, तेव्हा आकडे आणि कागद घेऊन गेले होते.

ठिपके कुठे जमतात ते पाहा

आता चित्र काढायचे. मुलांचा तक्ता वेगळा, मुलींचा वेगळा. ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचे 'अँथ्रो' हे मोफत साधन वापरावे. नसेल तर कार्डावरच्या रेषा पुरेशा आहेत.

एका मोठ्या कागदावर पाच कप्पे काढावेत: मधल्या रेषेच्या वर, मधली ते पहिली, पहिली ते दुसरी, दुसरी ते तिसरी, आणि तिसऱ्या रेषेच्या खाली. प्रत्येक मुलासाठी त्याच्या वयाच्या रेषा पाहून योग्य कप्प्यात निळ्या पेनने एक ठिपका द्यावा. नाव नाही, घर क्रमांक नाही, फक्त ठिपका.

चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या 60 मुलांचे ठिपके असे पडतील: मधल्या रेषेच्या वर 30, त्याखालच्या कप्प्यात 20, त्याखाली 8, दुसऱ्या रेषेखाली एक किंवा दोन. तिसऱ्या रेषेखाली बहुधा एकही नाही.

आता समजा, आपल्या वस्तीतल्या 60 मुलांचे ठिपके वरून खाली 4, 15, 23, 14 आणि 4 असे पडले. सरकारी यादीत खुजी म्हणून 18 मुले येतील. त्या 18 घरांना भेट दिली जाईल, आईला आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या जातील आणि फाइल बंद होईल. पण चित्र काय सांगते? मधल्या रेषेवर 30 मुले असायला हवी होती, तिथे 4 आहेत. तिसऱ्या कप्प्यात 8 असायला हवी होती, तिथे 23 आहेत. ही 23 मुले सरकारी भाषेत 'सर्वसाधारण' आहेत. ती कोणाच्याच यादीत नाहीत. तरी त्यांचीही उंची कमी झालेलीच आहे. वस्तीतला ठिपक्यांचा अख्खा ढीगच खाली घसरला आहे.

हाच आमच्या सांगण्याचा गाभा आहे. चारच मुले खाली आणि बाकी ढीग जागेवर असता, तर त्या चार घरांत काय झाले ते पाहावे लागले असते. अख्खा ढीग घसरतो तेव्हा कारण सगळ्यांच्या वाट्याला आलेले असते. साठ आया एकाच वेळी निष्काळजी नसतात. साठ घरांचे पाणी मात्र एकाच नळाचे असते आणि गटार एकच असते.

वयाप्रमाणेही ठिपके पाहावेत. पुष्कळ ठिकाणी सहा महिन्यांपर्यंतची मुले बरी असतात आणि सहा महिने ते दोन वर्षे या काळात घसरण होते. आईच्या दुधाला वरच्या अन्नाची जोड लागते तो हा काळ. मूल रांगायला लागते, जमिनीवरचे तोंडात घालते, जुलाब सुरू होतात, आणि आई पुन्हा कामावर जाऊ लागते. ही घसरण नंतर पूर्ण भरून काढणे फार अवघड असते. म्हणून जोर याच वयावर हवा.

एक सावधगिरी. वस्तीत 40 मुले असतील, तर एक मूल म्हणजे अडीच टक्के. यंदा 12 खुजी आणि पुढच्या वर्षी 11, यावरून 'सुधारणा झाली' असे भाषण ठोकू नये. लहान वस्तीने टक्के सांगू नयेत, मुले मोजून सांगावीत.

"मोजून पोट भरते का?"

हा प्रश्न वस्तीतल्या बाया विचारतात आणि तो रास्त आहे. नुसत्या वजनाने वजन वाढत नाही. आळवीची कथा आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी आलेल्या शेतकऱ्याला तथागतांनी आधी जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. आमचेही म्हणणे तेच आहे. मोजणीच्या पुढे काय करायचे हे ठरले नसेल, तर मोजायला जाऊ नये.

पुढे करण्यासारखे पुष्कळ आहे. 13 डिसेंबर 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे. झोपडपट्टीलाही तो लागू आहे. आपल्या घरयादीत 40 मुले भरली की अर्ज तयार झाला. फक्त यादीत सहा वर्षांपर्यंतची मुले धरायला विसरू नये. 2013 साली अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा त्यात सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलासाठी अंगणवाडीतून रोज 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने ठरवली होती, कुपोषित मुलासाठी 800 उष्मांक आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिने. आपल्या मुलाच्या ताटात कायद्याप्रमाणे पडते का, हे विचारायला आकडा हातात असलेला बरा. पाण्याची लाइन, गटारावरची झाकणे, शौचालयाची दुरुस्ती यांसाठी आपण वर्षानुवर्षे अर्ज देतो. त्या अर्जाला वर्षावासात काढलेला ठिपक्यांचा कागद जोडला, तर तो अर्ज वस्तीच्या मुलांच्या वाढीविषयी बोलू लागतो. तो नाकारणे जास्त कठीण जाते.

आणखी एक आक्षेप वरच्या वर्तुळातून येतो. जागतिक तक्ता भारतीय मुलांना लागू नाही, आपल्यासाठी वेगळी, थोडी ठेंगणी पट्टी हवी, असे काही तज्ज्ञ म्हणतात. तो वाद त्यांनी जरूर करावा. आम्हाला एवढेच दिसते की त्या तक्त्यासाठी मोजलेली दिल्लीची मुलेही भारतीयच होती. पट्टी खाली आणली तर खुज्या मुलांची संख्या कागदावर कमी होईल. मुले मात्र तेवढीच राहतील.

आईची मान खाली जाऊ नये

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मोजणीच्या दिवशी कोणाच्याही आईला चार माणसांत ऐकवू नये. "याला खायला घालत नाहीस का?" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. मुलांची नावे विहाराच्या फळ्यावर लावू नयेत, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नयेत, भाषणात 'अमक्याचं पोर' म्हणून दाखला देऊ नये. आईची परवानगी घेऊनच मोजावे. नको म्हणाली तर नमस्कार करून निघावे आणि काही दिवसांनी पुन्हा चौकशीला जावे. प्रत्येक मुलाचे माप त्याच्या आईला तिथल्या तिथे, एकटीला, समजेल असे सांगावे आणि कार्डावर ठिपका देऊन दाखवावे. पुढच्या महिन्यात दुसरा ठिपका पडला की दोन ठिपके जोडावेत. रेष वर चालली आहे की आडवी झाली आहे, हे तिला कोणी न सांगता दिसेल. एकट्या मुलाच्या बाबतीत एका ठिपक्यापेक्षा ही दिशा जास्त बोलते.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कामगार बाईच्या विश्रांतीची जबाबदारी एकट्या तिच्यावर सोडली नव्हती. मूल हे घराचे असते, तसे ते समाजाचे आणि सरकारचेही असते, ही ती दृष्टी आहे. आपणही तीच ठेवावी.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. त्याच तीन महिन्यांतले चार रविवार या कामाला द्यावेत. पहिला रविवार नकाशा आणि घरयादीचा, दुसरा आणि तिसरा मोजणीचा, चौथा वही तपासण्याचा आणि राहिलेल्या घरांचा. अश्विन पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदनेनंतर ठिपक्यांचा कागद भिंतीवर लावावा आणि वस्तीतल्या एखाद्या मुलीने तो सगळ्यांना वाचून दाखवावा. त्या कागदाशेजारी मागणीचा अर्ज असावा आणि त्यावर त्याच रात्री सह्या व्हाव्यात.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "आमच्यात सगळेच ठेंगणे," तर वाद घालत बसू नका. त्यांना तो कागद दाखवा.

जयभीम! नमो बुद्धाय!